फुल एचडी लिहिलंय, तरी लाल शालू विटकरी का दिसतो?

प्रश्न अमळनेरहून आला आहे. लग्नाचे अल्बम आणि पत्रिका डिझाइन करणाऱ्या एका भावाने ४८ हजारांचा नवा लॅपटॉप ऑनलाइन मागवला. १५.६ इंच, फुल एचडी, १६ जीबी रॅम. मशीन झपाट्याने चालतं, पण स्क्रीन बघून मन खट्टू झालंय. लाल शालू विटकरी दिसतो, हळदीचे फोटो फिके लिंबोणी, आकाश पांढुरकं. तेच फोटो मोबाइलवर झकास दिसतात. कस्टमर केअरचं उत्तर आलं, ‘यात बिघाड नाही.’ घेऊन पाच दिवस झालेत. सेटिंगने सुटेल का, परत करावा का, की स्क्रीनच बदलून घ्यावी, असं विचारलंय.

भाऊ, सगळ्यात आधी तारीख बघा. लॅपटॉपला ऑनलाइन दुकानांत साधारण ७ ते १० दिवसांची मुदत असते आणि बऱ्याच ठिकाणी पैसे परत मिळत नाहीत, फक्त बदली मिळते. तुमच्या ऑर्डरच्या पानावर नेमकं काय लिहिलंय ते आत्ताच वाचा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. जाहिरातीच्या पानाचाही ठेवा, त्यात स्क्रीनबद्दल लिहिलेली ओळ न् ओळ आली पाहिजे. ही पानं नंतर बदलतात. खोका, थर्माकोल, बिल, काहीही टाकू नका. पुढची सगळी तपासणी एका संध्याकाळी होते. ती मुदतीच्या आत केली तरच तिचा उपयोग.

तपासणी कशासाठी, तर तीन गोष्टी वेगळ्या करायच्या आहेत. सेटिंग चुकलेली असेल तर ती फुकटात सुधारते. पॅनलमध्ये, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या पडद्यातच, दोष असेल तर वॉरंटीत बदलून मिळतं. पण पॅनल मुळातच हलक्या दर्जाचं असेल, तर त्याला कंपनीच्या लेखी बिघाड म्हणत नाहीत, ते वॉरंटीत बदलत नाही आणि सेटिंगने सुधारतही नाही. तुमचं वर्णन वाचून ही तिसरी गोष्टच दिसते. तरीही पहिल्या दोन नीट खोडून काढा, कारण पुढचा निर्णय पैशांचा आहे.

सेटिंगपासून सुरू करा. चार्जर लावा, ब्राइटनेस पूर्ण करा. पडद्यावर कंपनीने लावलेली पारदर्शक फिल्म अजून असेल तर ती काढा, पण परत करायचं मनात असेल तर निर्णय होईपर्यंत राहू द्या. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधल्या सिस्टिम, मग डिस्प्लेमध्ये जा. नाइट लाइट बंद करा. ब्राइटनेसच्या बाजूचा बाण उघडला की ‘चेंज ब्राइटनेस बेस्ड ऑन कंटेंट’ असा पर्याय बऱ्याच मशीनवर सापडतो, तो ‘ऑफ’ करा. हा चालू असला की गडद फोटो उघडल्यावर स्क्रीन आपोआप मंदावते आणि पांढरं पान उघडलं की उजळते. डिझाइन करणाऱ्याला तो फार त्रास देतो. एचडीआर चालू असेल तर बंद करा. साध्या पॅनलवर एचडीआरमुळे रंग आणखी धुतल्यासारखे होतात.

अशीच बॅटरी वाचवणारी सोय ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्येही लपलेली असते. इंटेलच्या मशीनवर ‘डिस्प्ले पॉवर सेव्हिंग्ज’, एएमडीच्या मशीनवर ‘व्हॅरी-ब्राइट’. ती बॅटरीवर असताना ब्राइटनेस कमी करून रंग आणि छटा ताणून भरपाई करते, म्हणून चार्जर काढला की फोटो वेगळाच दिसतो. दोन्हीकडे बंद करा. लॅपटॉप कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर असेल तर त्यातही ‘आय केअर’, ‘व्हिव्हिड’ असे मोड असतात. कामासाठी ‘नॉर्मल’ किंवा ‘एसआरजीबी’ ठेवा.

रिझोल्यूशन १९२० × १०८० वरच हवं. १५.६ इंचात ते इंचाला १४१ ठिपके देतं, त्यामुळे अक्षर बारीक वाटलं तर रिझोल्यूशन कमी करू नका, स्केल १२५ टक्के करा. रिझोल्यूशन उतरवलं की एक ठिपका दीड ठिपक्यावर ताणला जातो आणि देवनागरीच्या मात्रा, रफार सगळं पुसट होतं. पत्रिकेच्या कामात हे लगेच जाणवतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अ‍ॅडाप्टरखाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर’ असं नाव दिसलं, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हरच बसलेला नाही. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. शेवटी स्टार्टमध्ये ‘कलर मॅनेजमेंट’ शोधून उघडा. तुमच्या डिस्प्लेला एखादं प्रोफाइल (रंग कसे दाखवायचे ते सांगणारी फाइल) जोडलेलं असेल तर त्याचं नाव लिहून ठेवा, ते काढून बघा, फरक नसेल तर परत जोडा. चुकीच्या प्रोफाइलने फोटोशॉपमध्ये वेगळा रंग आणि ब्राउझरमध्ये वेगळा, असा घोळ होतो.

आता दोष आहे का ते. लॅपटॉप बंद करून सुरू करताना एफ२ किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या पानावर जा (कळ कंपनीगणिक बदलते). तिथे विंडोज नसतं, ड्रायव्हर नसतो. रेघा, लुकलुक किंवा पिवळी झाक तिथेही दिसली, तर तो हार्डवेअरचा प्रश्न. झाकण पुढे-मागे हलवल्यावर रेघा येत-जात असतील तर बिजागरीतून जाणारी केबल सैल किंवा दाबलेली आहे. मग घरातल्या टीव्हीला एचडीएमआयने जोडा. रेघा टीव्हीवरही आल्या तर ग्राफिक्स बिघडलंय, फक्त लॅपटॉपवर असल्या तर पॅनल किंवा केबल.

पूर्ण स्क्रीनभर लाल, हिरवा, निळा, पांढरा आणि काळा असे पाच कोरे फोटो एकेक करून बघा. १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल आणि प्रत्येकात तीन उपपिक्सेल, त्यामुळे एखादा मेलेला निघाला तर कंपन्या तो ‘मान्य मर्यादेत’ धरतात. ती मर्यादा वॉरंटीच्या कागदात आकड्याने दिलेली असते. मात्र ऑनलाइन दुकानाच्या मुदतीत असाल तर एका पिक्सेलसाठीही बदली मागा, तिथे हा नियम आडवा येईलच असं नाही. काळा फोटो अंधाऱ्या खोलीत बघायचा. कोपऱ्यात उजेड दिसला की सगळे त्याला ‘ब्लीड’ म्हणतात, पण आयपीएस या जातीच्या पॅनलची तिरकस बघताना येणारी चमक त्याच्यासारखीच दिसते. डोकं डावी-उजवीकडे हलवा. उजेड सरकला किंवा कमी-जास्त झाला तर ती चमक, तो दोष नव्हे. जागचा हलला नाही तर ब्लीड. मधोमध पांढरट ठिपका दिसला तर वाहतुकीत दाब बसलाय, तो बदलीचाच विषय. फोटो काढून पुरावा ठेवताना मोबाइलचं एक्स्पोजर हाताने कमी करा, नाहीतर कॅमेरा काळ्यालाही उजळ करून दाखवतो आणि सर्व्हिस सेंटरवाले तो फोटो मानत नाहीत.

हे सगळं ठीक निघालं आणि शालू अजून विटकरीच असेल, तर पॅनलचा नंबर काढायचा. खरं उत्तर तिथेच आहे, आणि खोक्यावर तो कधीच छापत नाहीत. डिव्हाइस मॅनेजर, मॉनिटर्स, जेनेरिक पीएनपी मॉनिटर, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी. तिथे ‘मॉनिटर’ या शब्दापुढची पहिली तीन इंग्रजी अक्षरं बनवणाऱ्याची: बीओई, एयूओ, इनोलक्ससाठी सीएमएन, एलजीसाठी एलजीडी, सॅमसंगसाठी एसडीसी. पूर्ण नंबरासाठी एचडब्ल्यूइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर चालवा आणि मॉनिटरच्या भागात बघा.

या नंबरात पॅनलची जात बऱ्याचदा वाचता येते. बीओईचा नंबर एनव्ही१५६ ने सुरू झाला तर आयपीएस घराण्यातलं, एनटी१५६ ने सुरू झाला तर टीएन, म्हणजे तिरकस बघितलं की रंग बिघडणारी जात. एयूओचं बी१५६एचएएन म्हणजे आयपीएस, बी१५६एचटीएन म्हणजे टीएन. इनोलक्सचं एन१५६एचसी आयपीएस, एन१५६एचजी टीएन. नंबर न काढताही ओळख पटते. फोटो लावून झाकण हळूहळू मागे पाडा. खालून बघताना चेहरे काळवंडून उलटे, निगेटिव्हसारखे झाले तर टीएन. पण भाऊ, आयपीएस निघालं म्हणून हुरळून जाऊ नका. आयपीएस म्हणजे कोनातून नीट दिसेल एवढंच. रंग किती, हा वेगळा आकडा आहे आणि तुमचं दुखणं त्या आकड्यात आहे.

पूर्ण नंबर इंटरनेटवर शोधला की पॅनलचं विवरण मिळतं. त्यातले तीन आकडे बघा. ब्राइटनेस निट्समध्ये: स्वस्त पॅनलला २२० किंवा २५०, बऱ्याला ३०० आणि वर. रंगांची संख्या: २,६२,१४४ असेल तर पॅनल ६ बिटचं, प्रत्येक मूळ रंगाच्या ६४ छटा, १,६७,७७,२१६ असेल तर २५६ छटा. आकाशाच्या निळ्यात पट्टे दिसतात ते या कमी छटांमुळे. तिसरा आणि तुमच्यासाठी सगळ्यात मोठा आकडा म्हणजे रंगपल्ला, स्क्रीनला किती रंग दाखवता येतात तो. तो ‘४५ टक्के एनटीएससी’ किंवा ‘७२ टक्के एनटीएससी’ असा लिहितात.

एनटीएससी हे १९५३ च्या अमेरिकी रंगीत टीव्हीचं माप आहे. फोटो, वेबसाइट, अल्बम प्रिंट करणाऱ्या लॅब ज्या मापावर चालतात ते एसआरजीबी, १९९६ मध्ये आलेलं. पूर्ण एसआरजीबी म्हणजे जवळपास ७२ टक्के एनटीएससी. म्हणजे ४५ टक्क्यांचं पॅनल एसआरजीबीच्या ६० ते ६५ टक्क्यांपर्यंतच पोचतं. ५० हजारांच्या आतल्या लॅपटॉपमध्ये हेच ४५ टक्के सर्रास बसवलेलं असतं. प्रोसेसर, रॅम, एसएसडी यांचे आकडे गिऱ्हाईक विचारतं, रंगपल्ला कोणी विचारत नाही. पैसे तिथे वाचवले जातात.

शालूच का विटकरी होतो, तेही समजून घ्या. पॅनलच्या मागे पांढऱ्या एलईडी असतात. खरं तर त्या निळ्या, वर पिवळा फॉस्फर लावून पांढऱ्या केलेल्या. त्या उजेडात शुद्ध लाल कमीच असतो. पुढे प्रत्येक उपपिक्सेलवर लाल, हिरवी, निळी गाळणी असते. गाळणी गडद ठेवली तर रंग शुद्ध मिळतो पण उजेड अडतो, मग एलईडी जास्त लागतात आणि बॅटरी जास्त खाल्ली जाते. स्वस्त पॅनलमध्ये गाळणी फिकी ठेवतात. उजेड भरपूर येतो, पण लाल उपपिक्सेलमधून थोडा पिवळा-हिरवाही पाझरतो. लालात पिवळा मिसळला की विटकरीच होणार. स्क्रीनला त्याहून लाल असा रंगच तयार करता येत नाही. म्हणून सॅच्युरेशनची पट्टी ओढून किंवा कॅलिब्रेशनचं, म्हणजे रंग मोजून जुळवायचं यंत्र लावून हा दोष जात नाही. कॅलिब्रेशनने पांढऱ्यातली निळसर झाक जाईल, मधल्या छटा जागेवर येतील, पण पल्ला वाढत नाही.

मोबाइलशी तुलना मात्र सोडा. आजच्या बऱ्याच फोनना ओएलईडी या जातीची स्क्रीन असते आणि ‘व्हिव्हिड’ मोडमध्ये ती रंग असतात त्याहून भडक दाखवते. फोनच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘नॅचरल’ किंवा ‘ओरिजिनल’ करा आणि मग शालू बघा. प्रिंटच्या जवळ जाणारा रंग तो.

तुमच्या धंद्यात याचा तोटा कुठे होतो, हे जास्त महत्त्वाचं. फिक्या स्क्रीनवर शालू लाल दिसेपर्यंत तुम्ही रंग वाढवणार. स्क्रीनवर मनासारखं झालं की फाइल लॅबकडे. लॅबचं यंत्र फाइलमधले रंग एसआरजीबीच्या मापाने छापतं, आणि अल्बममध्ये नवरीचा चेहरा नारिंगी, हळद डोळ्यांत खुपणारी, शालूच्या जरीचा पोत गायब. तीस-चाळीस पानांचा अल्बम परत छापायचा खर्च एका हंगामात मॉनिटरच्या किमतीला जाऊन भिडतो. जळगावच्या सराफी दुकानांचे कॅटलॉग करणाऱ्यांचंही तसंच: सोन्याचा पिवळा या पॅनलवर पितळी दिसतो आणि दुरुस्त करायला गेलं की छपाईत केशरी उतरतो. हिशेब लिहायला, टॅली, मराठी टायपिंग, शाळेचे निकाल, यासाठी मात्र हेच ४५ टक्क्यांचं पॅनल काही वाईट नाही. ती गरज असती तर परत करा असं सांगितलं नसतं.

तेव्हा निर्णय असा. पैसे परत मिळत असतील तर परत करा. फक्त बदली मिळत असेल, तर त्याच मॉडेलची बदली घेऊन उपयोग नाही, तेच पॅनल येणार. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन कंपन्यांची पॅनल बसवतात हे खरं, पण दर्जाची पायरी सहसा तीच असते. दुसरं मॉडेल फरकाचे पैसे भरून मिळतं का विचारा, आणि नव्या मॉडेलच्या वर्णनात ‘१०० टक्के एसआरजीबी’ आणि ‘३०० निट्स’ हे दोन्ही शब्द छापलेले असले तरच घ्या. वर्णन रंगपल्ल्याबद्दल गप्प असेल तर ४५ टक्के समजून चाला. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्यात दुकानातून घेणार असाल तर पेनड्राइव्हवर तुमचाच एक शालूचा फोटो न्या आणि दोन मॉडेल शेजारी ठेवून बघा.

परत करता येत नसेल तर बाहेरचा मॉनिटर, हा तुमच्यासाठी सगळ्यात शहाणा मार्ग. २४ इंची आयपीएस, ९९ टक्के एसआरजीबी, साधारण ८ ते १२ हजारांत मिळतो. एचडीएमआयने जोडायचा, रंगाचं काम त्यावर, टूल आणि फोल्डर लॅपटॉपवर. लॅपटॉप बदलला तरी मॉनिटर राहतो, आणि मोठ्या पडद्यावर अल्बमची दोन पानं एकत्र नीट दिसतात.

पॅनल बदलणं शक्य आहे, पण वॉरंटी असताना घाई करू नका. बाहेर उघडताना काही मोडलं तर कंपनी हात वर करते. वॉरंटी संपल्यावर करायचं तर पॅनल मागवण्याआधी जुनं उघडून मागच्या लेबलचा नंबर वाचा आणि हे जुळवा: कनेक्टर ३० पिनचा की ४० चा आणि तो कुठल्या बाजूला, रुंदी साधारण ३५० मिलिमीटर, कडेला स्क्रूचे कान नसलेली, की ३५९, कान असलेली, जाडी, मॅट की चकचकीत. फुल एचडी ६० हर्ट्झला ३० पिन असतात, १४४ हर्ट्झ आणि बऱ्याच टच पॅनलना ४०. पिना वेगळ्या असतील तर नुसतं पॅनल बसत नाही, केबल बदलावी लागते आणि मदरबोर्डने साथ द्यावी लागते. जुनं पॅनल १३६६ × ७६८ असेल तर त्याच्या केबलमध्ये बऱ्याचदा डेटाची एकच जोडी असते, तिच्यावर फुल एचडी चालत नाही. ७२ टक्के एनटीएससीचं ३० पिनी पॅनल साधारण ४ ते ८ हजारांत येतं, मजुरी वेगळी.

दुरुस्तीवाल्याच्या शेजारी उभे राहा आणि एक गोष्ट बघा: मागचं झाकण काढून बॅटरीचा कनेक्टर सोडल्याशिवाय स्क्रीनच्या केबलला हात लागता कामा नये. नुसता चार्जर काढून भागत नाही. बॅटरी जोडलेली असताना ती केबल ओढली तर बॅकलाइटची लाइन शॉर्ट होऊन मदरबोर्डवरचा फ्यूज जातो. मग नवं पॅनलही अंधारं दिसतं आणि दोष पॅनलवर येतो. चौकट प्लॅस्टिकच्या पट्टीने उचकायची, स्क्रू-ड्रायव्हरने नाही. कान नसलेलं पॅनल बऱ्याचदा दोन्ही कडांना ताणून निघणाऱ्या टेपने चिकटवलेलं असतं. टेप सरळ, हळू ओढायची. तुटली तर मागून जाड दोरा करवतीसारखा फिरवून सोडवायचं, पॅनल पिळायचं नाही. चिकटवण्याआधी नवं पॅनल जोडून चालू करून बघा आणि वरचे पाच रंग तिथेच तपासा.

तक्रारीचं बोलू. जाहिरातीत आयपीएस, ३०० निट्स किंवा १०० टक्के एसआरजीबी लिहिलं असेल आणि पॅनलचा नंबर वेगळं सांगत असेल, तर तुमची बाजू पक्की आहे. वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, असं २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. ऑनलाइन दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. नाही लावला तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे जळगावलाच, दाद मागता येते, विक्रेता कुठलाही असो. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. जाहिरातीत नुसतं ‘फुल एचडी’ असेल तर मात्र हे प्रकरण टिकणं अवघड, कारण फुल एचडी तुम्हाला मिळालेलंच आहे.

बसायच्या जागेचाही परिणाम असतो, आपल्याकडे तर फारच. मॅट स्क्रीन अंगावर पडलेल्या उजेडापैकी २ टक्के परत फेकते असं धरू. ३०० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) खोलीत काळ्या रंगावर त्यामुळे जेमतेम २ निट्सचा थर चढतो. अंगणात निंबाच्या सावलीत १० हजार लक्स असले तर तोच थर ६४ निट्सचा होतो, आणि २५० निट्सच्या स्क्रीनवर पांढरं काळ्याच्या फक्त पाचपट उजळ उरतं. फोटोतल्या गडद भागाचं काहीच दिसत नाही. खिडकी पाठीमागे नको, समोरही नको, बाजूला हवी. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत पारा त्याच्या कितीतरी वर जातो, म्हणून कूलर लागतोच. पण त्याचा झोत स्क्रीनवर घेऊ नका. ओलसर हवेतले थेंब खालच्या कडेतून आत उतरतात आणि पॅनलची सर्किट पट्टी नेमकी तिथेच असते.

मॉनिटर घ्या किंवा दुसरा लॅपटॉप, पहिल्या मोठ्या ऑर्डरआधी लॅबकडून ८ × १२ चा एक प्रिंट काढून घ्या. त्यात शालू, चेहरा, हळद, जरी आणि एक राखाडी पट्टी ठेवा. लॅबला सांगा, आपणहून रंग दुरुस्त करू नका. तो प्रिंट पांढऱ्या ट्यूबलाइटखाली स्क्रीनशेजारी धरा आणि ब्राइटनेस प्रिंटच्या पांढऱ्याशी जुळेपर्यंत खाली आणा, मग ब्राइटनेसच्या पट्टीवरची ती खूण टिपून ठेवा. रंगाचं काम त्याच खुणेवर, त्याच दिव्याखाली करत जा.